‘धसका घेतला’ म्हणजे नक्की काय होतं?

आपल्याकडे घरातलं कुणी एकटंच बोलायला लागलं, रात्ररात्र जागं राहायला लागलं, जेवणात कुणी काही घातलंय म्हणून ताट सारायला लागलं की नातेवाईक दोन गोष्टी बोलतात. एक म्हणजे "कशाचा तरी धसका घेतलाय तिने". आणि दुसरी, जरा आवाज खाली करून, "त्यांच्या घराण्यातच आहे ते, आजीलापण होतं म्हणे". माझ्या मावशीबद्दल ही दोन्ही वाक्यं मी कळायला लागल्यापासून ऐकलीत. माहेरचे सगळे धसक्यावाले, सासरचे सगळे घराण्यावाले, आणि दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही. मावशीला स्किझोफ्रेनिया आहे. आता ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, गेली काही वर्षं तिची औषधं, तारखा, फाइल सगळं मी बघते, आणि त्या निमित्ताने जे वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, त्यावरून एवढं कळलंय की दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं बरोबर होतं. तेच इथे सोपं करून लिहितेय.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ट्रॉमा हा शब्द हल्ली कशालाही वापरतात, पेपर अवघड गेला तरी ट्रॉमा. पण इथे अर्थ वेगळा आहे. जिवाला, शरीराला, अब्रूला खरा धोका आणि सुटायला वाट नाही, असा अनुभव. मारहाण, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत कुणाचं जाणं, दंगल, अपघात. लहान मुलांच्या बाबतीत रोजची हिडीसफिडीस, पोटाला न मिळणं, आजारी पडलं तरी कुणी न बघणं हेसुद्धा त्यातच येतं, कारण लहान पोराला मोठ्या माणसाशिवाय जगताच येत नाही, त्यामुळे मोठं माणूसच धोका झालं की पळायचं कुठे. सायकोसिस म्हणजे नसलेलं ऐकू येणं, दिसणं, किंवा कितीही समजावलं तरी न हलणारा पक्का संशय. स्किझोफ्रेनिया हा त्यातला आपल्या ओळखीचा आजार, साधारण शंभरात एकाला किंवा त्याहून थोडा कमी. बायपोलरमधे मूड दोन टोकांना जातो, कधी आठवडेच्या आठवडे झोप नको, पैसे उधळ, मीच राजा, आणि कधी उठवत नाही इतकं नैराश्य. आणि साधं नुसतं वाईट वाटणं नाही असं खोल डिप्रेशन, ज्यात माणसाला भाससुद्धा होऊ शकतात, हे अनेकांना माहीतच नसतं.

आता मावशी. नऊ वर्षांची असताना शाळेसाठी तिला तालुक्याच्या गावी लांबच्या नात्यातल्या घरी ठेवलं होतं, तीन वर्षं. तिथे काय व्हायचं ते तिने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. चोविसाव्या वर्षी, लग्नानंतर, आवाज सुरू झाले. आम्हा पोरांना एवढंच माहीत होतं की मावशी कुठल्याच दाराला कडी लावत नाही, बाथरूमलासुद्धा, आणि दुसऱ्या कुणी लावली, कडीचा आवाज आला, की हातातलं टाकून त्या दाराशी जाऊन उभी राहते. आम्ही त्याला तिचा वेडेपणा म्हणायचो, आता लिहितानाही वाईट वाटतं. चार वर्षांपूर्वी नव्या डॉक्टर बाईंनी तिला पहिल्यांदा विचारलं, "ताई, आवाज काय म्हणतो?" मावशी पदराशी चाळा करत खाली बघून म्हणाली, "कडी लावू का."

एवढंच. तीस वर्षं, दुपारची भांडी घासून झाली, घर शांत झालं की तोच पुरुषी आवाज, तेच तीन शब्द. आणि ते शब्द लहानपणी तिला जिथे ठेवलं होतं त्या घरातल्या माणसाचे होते. काही चुकलं की अडगळीच्या खोलीत घालायचं, कधी तासभर कधी रात्रभर, आणि त्याआधी दारात उभं राहून विचारायचं, कडी लावू का.

एका मावशीवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. म्हणून आकडे बघितले. २०१२ साली युरोपातल्या संशोधकांनी तोपर्यंत झालेले ३६ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा लहानपणी अत्याचार, हेळसांड, छळ सोसलेल्यांमधे सायकोसिसची शक्यता इतरांच्या सुमारे पावणेतीन पट निघाली. २०१६ साली बायपोलरसाठी असाच हिशेब झाला, तिथे अडीच पटीच्या थोडं वर, आणि गंमत नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे त्यात सगळ्यात जड निघाला तो भावनिक छळ, सतत पाणउतारा, टाकून बोलणं, जवळजवळ चौपट. ज्याला आपण "अंगाला हात लावला नाही कधी" म्हणून सोडून देतो ते.

पण पटीचे आकडे ऐकून घाबरायला होतं, म्हणून तेच शंभर माणसांत मोजून बघा. शंभरातल्या एकाला होणारा आजार पावणेतीन पट झाला तर शंभरातल्या जवळजवळ तिघांना होईल. म्हणजे सत्त्याण्णव जणांना इतकं सोसूनही तो आजार होत नाही. त्यांना बाकी त्रास असतील, झोपेचे, दारूचे, नैराश्याचे, पण हा नाही. त्यामुळे "लहानपणी मार खाल्लाय, आता वेड लागणार" असं कुणाच्या पोराबद्दल म्हणू नका, ते खोटं आहे. आणि उलटही, प्रत्येक स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमागे अत्याचार असतोच असंही नाही, प्रेमाने वाढलेल्या मुलांनाही हा आजार होतो.

मग घराण्याचं काय? तेही खरंच आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून स्किझोफ्रेनियात अनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो, बायपोलरमधेही तसंच. पण हुबेहूब एकसारखी जनुकं असलेल्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला तो निम्म्याहून कमी जोड्यांमधे होतो. सगळं जनुकांतच लिहिलेलं असतं तर प्रत्येक जोडीत दोघांनाही व्हायला हवा होता. म्हणजे कौलाला आधीच भेग असते आणि वरून दगड पडतो, असं काहीतरी. कुणाचं कौल इतकं पातळ की साध्या पावसातही गळतं, कुणाचं जाड, पण दगड फार मोठा.

इथे मला स्वतःला एक शंका होती. आजारच जर घराण्यात असेल तर आईबापही थोडे तसे असणार, ते पोराला मारणार, आणि पोराला आजार रक्तातून येणार, मारामुळे नाही. मग माराला दोष कशाला? या शंकेला उत्तर देणारा अभ्यास इंग्लंड-वेल्समधल्या २,२३२ जुळ्या मुलांचा आहे. त्यांना बारा वर्षांची असताना विचारलं, आवाज येतात का, कुणी मनातलं वाचतं असं वाटतं का. घरात मार खाणाऱ्या किंवा शाळेत इतर पोरांकडून छळ होणाऱ्या मुलांत हे जास्त दिसलं, आणि अनुवंशिकतेचा भाग हिशेबातून वजा केला तरी दिसलं. त्याहून महत्त्वाचं, अपघात झालेल्या मुलांमधे तेवढं दिसलं नाही. कुणीतरी मुद्दाम, इजा करायची म्हणून इजा केली असेल तिथे ते ठळक होतं.

हे वाचल्यावर मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, लोक दमून झोपलेले, पावणेचार-चारच्या सुमाराला दगडमातीची घरं अंगावर आली आणि हजारो माणसं गेली. आमच्या ओळखीतले एक काका आजही छताखाली खाट टाकून झोपत नाहीत. नंतर तिथे झालेल्या तपासणीत लोकांमधे मानसिक त्रास भरपूर सापडला, पण तो मुख्यतः पीटीएसडी आणि डिप्रेशन, म्हणजे तीच रात्र पुन्हा पुन्हा दिसणं, दचकणं, जगण्यात रस न उरणं. भूकंपाने कुणाचा द्वेष केलेला नसतो. ज्या माणसाच्या घरात जेवतो तोच रोज छळतो तेव्हा पोराच्या मनात जी गोष्ट पक्की होते ती अशी की माणसं मला इजा करायलाच बसलेली आहेत. आणि सायकोसिसमधला संशय बघा, तो हेच म्हणतो.

आता मेंदूत काय होतं ते. दिवाळीत सोसायटीत सुतळी बॉम्ब फुटला की उभ्या गाड्यांचे अलार्म वाजतात ना, तसा एक अलार्म आपल्या मेंदूतही असतो, अमिग्डला म्हणतात त्याला. धोका दिसला की तो वाजतो, अंगात कॉर्टिसॉलसारखी रसायनं सुटतात, छाती धडधडते, पळ नाहीतर लढ. धोका गेला की पुढचा मेंदू तो बंद करतो. पण वाढत्या वयात वर्षानुवर्षं अलार्म वाजतच राहिला तर त्याची सेटिंगच बदलते, मग मांजर बॉनेटवर चढलं तरी वाजतो आणि बंद करणारा हात मात्र दुबळा राहतो. दुसरी गोष्ट आठवणीची. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग प्रत्येक आठवणीवर तारीख आणि ठिकाणाचा शिक्का मारतो, म्हणून आपल्याला कळतं की हे तेव्हाचं, तिथलं, संपलेलं. प्रचंड भीतीत हा शिक्का नीट उमटत नाही. मग ती आठवण बिनतारखेची फिरत राहते, आणि कधीही आली तरी आत्ताच घडतंय असं वाटतं.

तिसरी गोष्ट डोपामिनची. गाइडमधे महत्त्वाच्या ओळीवर आपण पिवळा हायलायटर मारतो, तसं डोपामिन हे मेंदूचं हायलायटर आहे, याकडे लक्ष दे, हे तुझ्यासाठी आहे. सायकोसिसमधे हे हायलायटर कशावरही फिरायला लागतं, समोरच्या स्कूटरचा नंबर, टीव्हीवरच्या बाईने हलवलेली मान, शेजारच्यांचं खोकणं, सगळं पिवळं, सगळ्याला अर्थ, आणि सगळं माझ्याबद्दल. मग बिचारा मेंदू त्या पिवळ्या ओळी जोडून एक गोष्ट तयार करतो, तो झाला भ्रम. दीर्घ काळच्या ताणाने ही डोपामिनची यंत्रणा जास्त हळवी होते, छोट्या धक्क्यालाही मोठी उसळी येते, असं आजचं बऱ्यापैकी मान्य असलेलं स्पष्टीकरण आहे. गांजाने ही यंत्रणा आणखी बिघडते, त्यामुळे आधीच घाव असलेल्या कॉलेजच्या पोराने "टेन्शन जातं" म्हणून गांजा ओढणं फार धोक्याचं. हे मी जरा जोर देऊनच सांगते, कारण गांजा हर्बल आहे असं म्हणणारी पोरं मी घरातच बघितलीत.

आणि चौथं, जे मला मावशीकडे बघून सगळ्यात जास्त पटतं. सुटता येत नाही तेव्हा मन तिथून उठून जातं, शरीर त्या खोलीत आणि मन छतावर, डिसोसिएशन म्हणतात त्याला. लहान मुलाचा जीव त्यानेच वाचतो. पण मन असं तुटून राहायची सवय लागली की स्वतःचाच एखादा विचार, स्वतःचीच आठवण परक्या माणसाच्या आवाजात बाहेरून आल्यासारखी ऐकू येते. लहानपणचा अत्याचार आणि आवाज ऐकू येणं यांच्या मधला हा एक महत्त्वाचा दुवा असल्याचं अभ्यासांत दिसलंय.

मूडच्या आजारांबद्दल थोडक्यात. ज्यांच्या बालपणी असं काही घडलंय त्यांचा बायपोलर कमी वयात सुरू होतो, फेऱ्या जास्त येतात, आत्महत्येचे प्रयत्नही जास्त. डिप्रेशन पुन्हा पुन्हा उलटतं आणि उपचारांना दाद कमी देतं. इथे निदानाचा गोंधळही खूप होतो. घाव असलेल्या माणसाचा मूड एका दिवसात चार वेळा वरखाली होतो, आणि लोक लगेच बायपोलर म्हणून मोकळे होतात. खऱ्या मेनियाचा, म्हणजे बायपोलरमधल्या त्या वरच्या टोकाचा, एपिसोड किमान आठवडाभर सलग चालतो, झोपेची गरजच संपते, तासातासाला बदलणारा राग-रडू म्हणजे मेनिया नाही. लंडनच्या एका भागातल्या बायकांच्या डिप्रेशनवर १९७८ साली प्रसिद्ध झालेलं एक गाजलेलं संशोधन आहे, त्यात अकरा वर्षांच्या आत आई गेलेल्या बायकांना नंतरच्या संकटात डिप्रेशन जास्त झालेलं दिसलं, आणि मन मोकळं करता येईल असं एक जवळचं माणूस जिला होतं ती बरीच सावरली होती. एक माणूस! आपल्या आज्या ज्या वाड्याच्या मागच्या दारात तासभर उभ्या राहून बोलायच्या ते काही रिकामटेकडं नव्हतं.

आता एक गोष्ट हात जोडून सांगायचीय. हे सगळं वाचून कुणी पेशंटच्या आईबापाकडे बोट दाखवायला जाऊ नका. १९४८ साली अमेरिकेत एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मुलाला स्किझोफ्रेनिया देणारी आई अशी कल्पनाच मांडली होती, आणि पुढे कितीतरी वर्षं आयांना डॉक्टरच ऐकवायचे की तुमच्या थंड वागण्यामुळे हे झालं. त्याला पुरावा काही नव्हता. त्या आया आयुष्यभर आतून जळत राहिल्या असणार. माझ्या आजीने मावशीला शाळा शिकायला मिळावी म्हणूनच पाठवलं होतं, गावात चौथीपुढे शाळा नव्हती. तिने काय करायला हवं होतं?

हे नातं उलट्या दिशेनेही चालतं, म्हणजे आजारच नवे घाव देतो. सायकोसिसमधे माणसाला खरोखर वाटत असतं की आपल्याला मारायला आलेत, ती भीती काही नाटक नसते, बरं झाल्यावरही ती आठवण पीटीएसडीसारखी छळते. त्यात चार जणांनी धरून गाडीत कोंबणं, हातपाय बांधणं, बाहेरचं झालंय म्हणून कुणा बुवाकडे नेऊन मिरचीची धुरी आणि छडी. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळताच न आल्यामुळे जळून गेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला सरळ बंदी आहे आणि भूल न देता शॉक देण्यालाही. मावशीला पहिल्यांदा एका हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा ती ओरडते म्हणून खोलीत एकटी ठेवून बाहेरून कडी लावली होती. ती जास्त ओरडली. मग इंजेक्शन. फाइलमधे इंग्रजीत लिहिलंय, पेशंट विनाकारण आक्रमक.

या फाइलबद्दलच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. जाडजूड आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, डोस, वजन, शुगर, सगळं. तीस वर्षांत तिच्या लहानपणाबद्दल एक ओळ नाही. वाटलं आपलंच नशीब असं, पण तसं नाहीये. १९९८ साली अमेरिकेत गंभीर मानसिक आजार असलेल्या २७५ पेशंटशी नीट बसून बोलले तेव्हा ४३ टक्के जणांना पीटीएसडी निघाला, म्हणजे ११९ माणसं, आणि त्यातल्या फक्त तिघांच्या केसपेपरवर ते लिहिलेलं होतं. तिघांच्या. बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि असली माणसं आपणहून सांगत नाहीत, सांगितलं तरी "तुझे भास आहेत ते" असं उत्तर येईल ही भीती. आपल्याकडे केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल काढला त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. ती मुलं आता मोठी झालीत, आणि त्यातली काही जण आज कुठल्यातरी ओपीडीच्या रांगेत बसली असतील.

डॉक्टर विचारत नाहीत त्यामागे ओपीडीतली गर्दी हे कारण आहेच, पण एक जुनी भीतीही आहे, की सायकोसिसच्या माणसाला जुनं उकरायला लावलं तर तो अजून बिघडेल. म्हणून ट्रॉमाच्या थेरपीच्या अभ्यासांतून असे पेशंट आधीच वगळले जायचे. नेदरलँड्समधे १५५ पेशंटवर हे तपासून बघितलं, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. सगळ्यांना सायकोसिस आणि पीटीएसडी दोन्ही. काहींना ईएमडीआर दिलं, यात घटना आठवताना डोळे ठरावीक पद्धतीने इकडून तिकडे हलवायचे असतात, काहींना ती घटना सुरक्षित जागी बसून पुन्हा पुन्हा सांगायला लावणारी थेरपी, आणि काहींना वाट बघायला ठेवलं. दोन्ही थेरपींनी पीटीएसडी चांगला कमी झाला, आणि आवाज-संशय वाढले नाहीत. फक्त आठ सेशनमधे. आणि त्यांची नेहमीची औषधं चालू होती, हे विसरू नका, "मूळ कारण मनात आहे" असं ऐकून गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिलेत आणि पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा ॲडमिट झालेलेही पाहिलेत.

मावशीचा आवाज गेलेला नाही. गोळी रोज रात्री आहेच. थेरपीनंतर आठवड्यातून एखाद दुपारी येतो, आणि आता तिला माहीत असतं की तो कुणाचा आहे, किती सालचा आहे. "आला बघ तो," असं म्हणते आणि रेडिओ लावते. हे बरं होणं नाही म्हणणारे म्हणोत, मी त्या दुपारी बघितल्यात.

घरच्या माणसाने काय करायचं असं कुणी विचारलं तर, खोदू नका. तपशील काढून घेणं हे थेरपिस्टचं काम, तेही पेशंट म्हणेल त्या वेगाने. फक्त शांत असताना एकदा विचारा, आवाज काय म्हणतो, कुणासारखा वाटतो, कधी येतो. सांगितलं तर "असं काही नसतं गं" म्हणू नका. नाही सांगितलं तर सोडून द्या, चहा टाका. आणि जे कळेल ते डॉक्टरांना सांगायच्या आधी त्या माणसाला विचारा. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा फोन आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. जीव द्यायची भाषा असेल तर मात्र वाट बघू नका, माणसाला एकटं सोडू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलात न्या.

मी एक कागद केलाय आणि फाइलच्या पहिल्या पानावर स्टेपल केलाय, म्हणजे शिकाऊ डॉक्टर बदलले तरी प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायला नको. त्यात लिहिलंय की आवाज काय म्हणतो, दुपारी शांततेत येतो, आणि ॲडमिट करावं लागलं तर कृपया बाहेरून कडी लावू नका, दारात कुणीतरी बसा. मावशीला वाचून दाखवला. तिने चष्मा लावून स्वतः परत वाचला, त्या माणसाचं नातं लिहिलेली ओळ खोडायला लावली. ती खोडली.